म्युनिकच्या हिवाळ्यात सायकलने ऑफिस : खिळेदार टायरांचा तीन हिवाळ्यांचा अनुभव

म्युनिकच्या दक्षिणेकडील गीझिंग भागातून उत्तरेकडील फ्रायमनपर्यंत, म्हणजे साधारण अकरा किलोमीटर, मी रोज सायकलने ऑफिसला जाते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत माझ्या सायकलीला खिळेदार टायर असतात. आता तिसरा हिवाळा सरला आहे आणि त्यांच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते आहे, कारण जर्मनीत नव्याने आलेली कितीतरी मराठी मंडळी ऑक्टोबरपर्यंत हौसेने सायकल चालवतात आणि पहिला बर्फ पडला की ती तळघरात नेऊन ठेवतात. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. मी जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक टायरांना लागू पडते.

माझे बालपण नाशिकजवळ गेले. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटत, आणि आम्ही कानटोपी घालून सायकलीवरून शाळेला जात असू. त्या थंडीत हाल होत ते बोटांचे आणि कानांचे. रस्त्यावरचा भरवसा कधी उडाला नव्हता. इथे नेमके उलटे आहे. अंगात लोकरीचा एक थर, त्यावर वारा अडवणारे जाकीट आणि बरे हातमोजे असले, तर उणे पाच अंशांतही दहा मिनिटे पायंडल मारल्यावर अंग गरम होते. काळजी असते ती चाकाखाली काय आहे याची.

मी हे टायर घेतले ते पडल्यानंतर. जानेवारी २०२३ मधली ती सकाळ होती. इथे त्या दिवसांत सूर्य आठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेसातला अजून अंधारच होता. आदल्या दिवशी आल्प्सवरून उतरणारा फ्योन नावाचा उबदार वारा वाहिला होता, त्याने रस्त्याकडेचा बर्फ वितळला आणि ते पाणी रात्रीतून गोठले होते. गीझिंगर बेर्गचा उतार मी जपून उतरले, कारण उतारावर भीती वाटतेच. इझार नदीवरचा व्हिटेल्सबाखर पूल मात्र सपाट होता आणि दिव्यांच्या उजेडात नुसता ओलसर दिसत होता. पुलाला खालूनही गार हवा लागते, जमिनीची ऊब त्याला मिळत नाही, म्हणून बाकीच्या रस्त्यावर पाणी असते त्या वेळी पुलावर त्याची काच झालेली असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पुढचे चाक बाजूला सरकले आणि पाय टेकवायच्या आतच मी उजव्या मनगटावर आपटले. मनगटाला पुढे सहा आठवडे पट्टा होता.

जर्मनीत मोटारींना खिळ्यांचे टायर लावण्यास १९७५ पासून बंदी आहे, कारण त्यांनी रस्ते खरवडले जातात. सायकलींना मात्र ते चालतात. टायर हातात घेतल्यावर आधी जाणवतो तो त्याचा जडपणा: एक टायर किलोच्या आसपास भरतो. रबराच्या नक्षीतून ओळीने खिळे बसवलेले असतात. एकेक खिळा म्हणजे धातूचा लहानसा बुंधा आणि त्याच्या टोकाशी टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचा कण. तो रबराबाहेर जेमतेम मिलिमीटरभर डोकावतो. साध्या पोलादाचे खिळे डांबरावर लवकर झिजून सपाट होतात, कार्बाइडचे वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून घेताना हे विचारून घेणे फार आवश्यक आहे. दोन ओळींच्या टायरात शंभराच्या आसपास खिळे असतात आणि चार ओळींच्या टायरात दोनशे चाळीसच्या आसपास. मी चार ओळींचे घेतले. दोन टायरांना मिळून शंभर युरोंहून थोडे अधिक पडले.

पहिल्या खरेदीत मात्र चूक झाली. एका दुकानदाराने माझ्या सायकलीकडे न पाहताच रुंद मापाचे टायर दिले आणि ते बसवल्यावर खिळे मडगार्डला घासू लागले. टायर चाकावर चढवलेले म्हणून तो परत घेईना, आणि मला ते कमी दरात विकून नवे घ्यावे लागले. मडगार्ड आणि आताचा टायर यांत बोटभर तरी जागा आहे का, हे घरीच पाहून मग दुकानात जावे. टायर चढवायलाही जोर लागतो. त्याची कड ताठ असते आणि खिळे बोटांना टोचतात, म्हणून जाड हातमोजे घालून, टायर आधी तासभर खोलीच्या उबेत ठेवून मी ते काम करते. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तोही पाहिला पाहिजे.

नवे टायर बसवल्यावर पहिले चाळीसेक किलोमीटर कोरड्या डांबरावर सावकाश चालवावे लागतात, जोराने ब्रेक न दाबता आणि झटक्याने वेग न घेता, म्हणजे खिळे रबरात पक्के बसतात. ही सूचना मी अक्षरशः पाळली. बर्फ पडण्याची वाट न पाहता टायर आठवडाभर आधी चढवण्याचे कारणही हेच.

खरी गंमत हवेच्या दाबात आहे. चार ओळींच्या टायरात हवा भरपूर भरली की मधला फुगीर भाग रस्त्याला टेकतो, बाहेरच्या ओळी थोड्या वर राहतात आणि सायकल हलकी चालते. हवा कमी केली की टायर पसरतो आणि सगळ्या ओळी जमिनीला चावा घेतात. त्यामुळे डिसेंबरपासून मी झोपण्यापूर्वी खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे पाहते आणि पारा शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर हवा थोडी सोडून ठेवते. शून्याजवळचा बर्फ सर्वांत दगाबाज, कारण त्यावर पाण्याचा बारीक पापुद्रा असतो. उणे दहाला तोच बर्फ कोरडा आणि खरखरीत होतो आणि साध्या टायरांनाही थोडीफार पकड देतो.

बर्फाच्या काचेवर हे टायर काय करतात ते शब्दांत सांगणे अवघड आहे. त्याच पुलावर, तशाच सकाळी, मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनगट आपोआप आखडले होते. चाकाखालून बारीक कुरकुर ऐकू येत होती, खिळे बर्फ टोचत असल्याचा तो आवाज होता, आणि सायकल सरळ पुढे जात राहिली. पूल ओलांडल्यावर मी थांबले आणि बुटाने रस्ता चाचपून पाहिला: पाय सटकन सरकला. जिथे मला उभेही राहता येत नव्हते तिथून सायकल मला सुखरूप घेऊन आली होती. बुटाला न मिळालेली ती पकड मी आजवर विसरलेले नाही.

ताज्या, खोल बर्फात मात्र खिळ्यांचा काही उपयोग नाही, तिथे टायरची नक्षी आणि रुंदीच कामी येते. २ डिसेंबर २०२३ रोजी म्युनिकमध्ये ४४ सेंटिमीटर बर्फ साचला होता आणि विमानतळसुद्धा बंद पडला होता. त्यानंतरच्या सोमवारी मी उत्साहाने निघाले आणि इंग्लिशर गार्टन या मोठ्या उद्यानात अर्धी वाट सायकल ढकलत नेली. दोन दिवसांनी तोच बर्फ तुडवला जाऊन गोठला, त्यात चाकोऱ्या पडल्या, आणि तेव्हा खिळ्यांचे महत्त्व पुन्हा कळले. ट्रामच्या रुळांवर सावध राहावेच लागते. ओल्या पोलादात खिळा रुतत नाही, उलट धातूवर धातू घसरतो, म्हणून झेंडलिंगर टोरपाशी रूळ ओलांडताना मी आजही पुढचे चाक रुळाशी शक्य तितके काटकोनात ठेवते.

या सगळ्याची किंमत वेळेत आणि श्रमात मोजावी लागते. उन्हाळ्यात छत्तीस मिनिटांत होणाऱ्या प्रवासाला हिवाळ्यात बेचाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात, आणि संध्याकाळी परतताना गीझिंगर बेर्गची चढण मांड्यांना चांगलीच जाणवते. कोरड्या रस्त्यावर आवाजही बराच होतो, तापलेल्या कढईत तीळ तडतडावेत तसा. मला तो उपयोगी वाटतो, कारण पायी चालणारे घंटी न वाजवताच बाजूला होतात. घसरू नये म्हणून पदपथांवर टाकलेल्या बारीक खडीने साध्या टायरांवर हिवाळ्यात दोनतीन पंक्चर ठरलेली असत. या जाड रबरावर तीन हिवाळ्यांत एकच झाले.

दोन्ही टायरांचा खर्च झेपत नसेल तर एकच घ्यावा आणि तो पुढच्या चाकाला लावावा. मागचे चाक घसरले तर तोल सावरता येतो, पुढचे घसरले की माणूस पडतोच. पायंडल मारताना जोर मागच्या चाकावर येतो म्हणून एका मैत्रिणीने आपला एकुलता टायर मागे बसवला होता. तिला मी आग्रहाने तो पुढे बदलायला लावला.

मार्चच्या अखेरीस खडी झाडून नेली की मी टायर उतरवते, धुते आणि तळघरात खुंटीला टांगते. या वर्षी उतरवताना एकेक ओळ बोट फिरवून तपासली. मागच्या टायरातले चार खिळे गळाले आहेत, तेही बहुधा घाईत दाबलेल्या ब्रेकमुळे. पुढच्यातला एकही नाही. सुटे खिळे आणि ते बसवण्याचे हत्यार विकत मिळते, ते नोव्हेंबरच्या आत आणायचे आहे.