स्वतःचं पिस्तूल की क्लबचं? रेंजवर जाणाऱ्या नाशिककरासाठी, कागदांच्या बाजूने

एअर पिस्तुलावर वर्षभर हात बसला की नेमबाजीच्या रेंजवरचा जवळपास प्रत्येक जण एखाद्या रविवारी चहाच्या वेळी जवळ येतो आणि विचारतो, "काका, आता टू-टूवर जायचं म्हणतोय. स्वतःचा परवाना काढू, की क्लबच्या पिस्तुलावर भागेल?" टू-टू म्हणजे पॉइंट टू टू, ०.२२ इंची काडतुसाचं पिस्तूल. दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत. २०१९ ते २०२३ अशी साधारण चार वर्षं माझं स्वतःचं पॉइंट टू टू स्पोर्ट पिस्तूल घरून रेंजवर नेलं-आणलं. आता क्लबच्या शस्त्रावर मारतो. ट्रिगर, साइट, कोणती कंपनी, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. मी बोलणार आहे ते फक्त घर ते रेंज या रस्त्याबद्दल आणि त्या रस्त्यावर खिशात काय असावं लागतं त्याबद्दल.

एअरवर राहणाऱ्यांनी निवांत असावं. ४.५ मिलिमीटर बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) आणि छर्‍याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेलं एअर शस्त्र असेल तर परवाना लागत नाही. खरेदीचं बिल आणि क्लबचं ओळखपत्र पेटीतच ठेवा म्हणजे झालं. पेटी उघडल्यावर आतली वस्तू नाक्यावरच्या शिपायाला खऱ्या पिस्तुलासारखीच दिसते, आणि रात्रीच्या अंधारात त्याला जूल समजावून सांगत बसणं कुणाच्याच सोयीचं नसतं.

आता टू-टू. स्वतःचा परवाना काढायचा तर आधी आपण कोणाच्या हद्दीत राहतो ते पाहा. शहर आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर परवाना पोलीस आयुक्तांकडून, ग्रामीण भागात असाल तर जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडून. वय एकवीस पूर्ण हवं. लहान नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे, ती प्रशिक्षकाकडून समजून घ्या. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि त्याची सुरुवातीची जडणघडण नाशिकमध्ये झाल्याचं घरोघरी कळलं. तेव्हापासून आईवडीलही हेच विचारायला येतात. त्यांनाही मी हेच सांगतो: परवाना मिळवणं अवघड आहेच, पण तो एकदाचा त्रास. खरी गोष्ट पुढे सुरू होते, दर आठवड्याला.

माझी दर रविवारची तयारी अशी असायची. पिस्तूल रिकामं, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (आत काडतूस नाही हे दाखवणारी रंगीत पट्टी), मॅगझिन बाहेर. सगळं कुलूपबंद पेटीत, पेटी सॅकमध्ये. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं आणि त्यासाठी असलेल्या पेटीत किंवा पिशवीत हवं, शिवाय नेणाऱ्याच्या ताब्यात हवं. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. ताब्यात म्हणजे ताब्यात. गाडीच्या डिकीत टाकून मिसळ खायला बसणं त्यात बसत नाही. प्लास्टिकच्या जाकिटात परवान्याची मूळ पुस्तिका, क्लबचं सदस्यपत्र, स्पर्धा असेल तर प्रवेशिकेची प्रत आणि काडतुसांची बिलं. पुस्तिकेत दुकानदाराने केलेली काडतुसांची नोंद आणि डब्यातला आकडा यांचा मेळ बसायला हवा, म्हणून मी एक छोटी वही ठेवली होती. आज किती नेली, किती झाडली, किती परत आणली. ही वही मागायचा हक्क कुणाला आहे असं मला वाटत नाही, पण दोनदा तिनेच माझं काम सोपं केलं.

एकदा नाशिकच्या द्वारका चौकाच्या अलीकडे संध्याकाळी नाकाबंदी होती. सॅक बघून विचारलं, मी आपणहून सांगितलं की आत परवान्याचं पिस्तूल आहे, आणि पेटीला हात न लावता आधी पुस्तिका पुढे केली. शस्त्र कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतो आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. त्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, शस्त्राचा क्रमांक पाहिला, कार्यक्षेत्राचा, म्हणजे परवाना कुठवर चालतो त्याचा रकाना पाहिला, उद्देशात 'क्रीडा' वाचलं आणि रेंज कुठे आहे ते विचारलं. चार मिनिटांत मोकळा झालो. वागणूक अगदी सभ्य होती. पण ती चार मिनिटं केवळ त्या पुस्तिकेमुळे चार मिनिटं राहिली, हे मला तिथेच कळलं.

आणि त्या पुस्तिकेनेच माझा निर्णय करून टाकला.

माझा परवाना २०१९ च्या मध्यावर मिळालेला, म्हणजे तीन वर्षांचा. त्या वर्षाच्या डिसेंबरमधल्या शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीने मुदत पाच वर्षांची झाली, पण तो फायदा पुढच्या नूतनीकरणापासून. मधलं एक वर्ष करोनात रेंजच बंद, तेव्हा पिस्तूल महिन्यातून एकदा तेल लावायला बाहेर काढण्यापुरतं. २०२२ साली नूतनीकरणाची वेळ आली. अर्ज भरला, वैद्यकीय प्रमाणपत्र लावलं, शुल्क भरलं, आणि सोबत मूळ पुस्तिका जमा केली. हातात आली ती पोच. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. मग पोलीस ठाण्याचा अहवाल, मग टेबलं. चूक कुणाची नव्हती. प्रत्येक टेबलावर कागद आपल्या गतीने चालतो आणि सणासुदीचा बंदोबस्त लागला की माणसंच टेबलावर नसतात. पण पुस्तिका परत हातात यायला मला सव्वातीन महिने लागले.

सव्वातीन महिने पिस्तूल कपाटात आणि कागद कार्यालयात. पोच दाखवून रेंजवर जाता आलं असतं का? काही जण जातात असं ऐकतो. मला ते जमलं नाही. परवान्याच्या अटीचा भंग झाला तर ३० व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे, आणि विनापरवाना बाळगल्याचा अर्थ काढला गेला तर २०१९ नंतर दोन ते पाच वर्षं. माझी बाजू कदाचित खरी ठरलीही असती, पण ती कोर्टात. रात्री आठ वाजता पाथर्डी फाट्यावर नव्हे. त्याच काळात पुण्याला एक स्पर्धा होती. तिच्यासाठी मी आठ महिने मेहनत घेतली होती. प्रवेशिका भरलेली, मुक्काम ठरलेला, आणि नाशिक ते पुणे दोनशेहून जास्त किलोमीटर, सिन्नर, संगमनेर, चाकण, प्रत्येक जिल्ह्याचे आपापले नाके. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, मी घेऊन येऊ का मागून?" त्यालाही समजावलं की परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावरच दुसऱ्याला शस्त्र नेता येतं, आणि त्या अधिकारपत्राच्या मागे उभा राहायला परवाना तर माझ्याच हातात नव्हता. मी गेलो नाही. त्या रविवारी घरी बसून कपाटातलं पिस्तूल पुसलं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, अंगठ्याच्या खालचा भाग मी स्वतः काचकागदाने दोन महिने घासून माझ्या तळव्याला बसवलेला. ती हातात धरली की मनगट आपोआप सरळ व्हायचं. इतकं आपलं झालेलं शस्त्र घराच्या उंबऱ्याबाहेर मात्र काढता येत नव्हतं.

यावर उपाय नाही असं नाही. मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी अर्ज द्या, स्पर्धांचा हंगाम बघून तारीख निवडा, प्रत्येक कागदाची पोच घ्या, आठवड्याला एक चक्कर मारा. माझ्या ओळखीतल्या एकाला याच पद्धतीने महिन्याभरात पुस्तिका परत मिळाली. आता पाच वर्षांतून एकदाच ही वेळ येते, हेही खरं. तरीही पुस्तिका एकच आणि ती एका वेळी एकाच जागी असू शकते, ही अडचण पाच वर्षांतल्या नूतनीकरणापुरती राहत नाही. पत्ता बदलला, शस्त्र बदललं, कार्यक्षेत्र वाढवायचं ठरलं, की पुस्तिका पुन्हा टेबलावर.

शिवाय निवडणुका. २०२४ साली १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, नाशिकचं मतदान २० मेला. ते संपून श्वास घेतोय तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, मतदान २० नोव्हेंबर. दोन्ही वेळा परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा. नेमबाजांना, कोणाचं शस्त्र जमा करायचं ते ठरवणाऱ्या छाननी समितीकडे सवलतीसाठी अर्ज करता येतो, क्लबचं पत्र आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं जोडली तर ती मिळतेही. पण तो आणखी एक अर्ज आणि आणखी एक वाट पाहणं. मी तेव्हा त्या रांगेत नव्हतो. माझं पिस्तूल विकून वर्ष झालं होतं. सणांच्या आसपास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली शहरात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेही घरातून निघण्यापूर्वी वाचायला हवेत. कोणाला सूट आहे ते त्या-त्या आदेशात लिहिलेलं असतं. २०२७ च्या सिंहस्थात शहराचे रस्ते आणि तपासणी कशी असेल याचा अंदाज प्रत्येक नाशिककराला आहेच.

क्लबच्या पिस्तुलाची कागदी बाजू सांगायला एक परिच्छेदही खूप झाला. परवाना क्लबचा, सराव क्लबच्या जागेत आणि देखरेखीखाली. तुम्ही ओळखपत्र दाखवता, रजिस्टरमध्ये नाव, वेळ, शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून सही करता. निघताना शस्त्र परत, उरलेली काडतुसं परत, रिकामी पुंगळी मोजून परत, पुन्हा सही. घर ते रेंज या रस्त्यावर तुमच्याकडे नेण्यासारखं काहीच नसतं.

त्याची किंमत रेंजवर मोजावी लागते, आणि ती थोडी नाही. मूठ सगळ्यांच्या हाताची, म्हणजे कुणाच्याच हाताची नाही. माझ्या आधी डावखुरा मुलगा मारून गेला असेल तर पहिल्या दहा गोळ्या साइट (नेम धरायची पट्टी) जागेवर आणण्यात जातात. २५ मीटरवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. तिथे साइटच्या स्क्रूच्या दोन क्लिकचा फरकही बोलतो. रविवारी गर्दी असते आणि आपली पाळी यायला तास-तास जातो. घरी ड्राय फायर, म्हणजे काडतूस न घालता ट्रिगर दाबण्याचा सराव, करायचं म्हटलं तर हातात शस्त्रच नाही. आणि स्पर्धेला क्लबने शस्त्र द्यायचं की नाही, कोण घेऊन जाणार, ते क्लबच्या पदाधिकाऱ्यांवर अवलंबून. माझ्या गुणांत सुरुवातीला घसरण झाली, ती भरून यायला पावसाळा अख्खा गेला. आता मी जुन्या आकड्याच्या थोडा खाली असतो, आणि ते मला चालतं.

तेव्हा मत विचाराल तर असं आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस मारणारे, राज्य स्पर्धेत पात्रतेच्या आसपास असलेले, पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करणारे, अशांनी स्वतःचं घ्यावं. त्यांना दुसरा पर्याय नाही असंच म्हणा. त्यांनी परवान्यासाठी अर्ज करतानाच कार्यक्षेत्र संपूर्ण भारताचं मागावं, खेळाडूंसाठी ते देण्याची तरतूद आहे. पुढे वाढवत बसायचं म्हणजे पुस्तिका पुन्हा गेली. बाकीच्यांनी, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून रविवारी येणाऱ्यांनी, निदान दोन वर्षं क्लबच्या शस्त्रावर काढावीत असं मला वाटतं. कुणाची आवड जास्त तीव्र असेल तर मी अडवणार नाही. पण माझ्या वयाच्या, माझ्यासारखा सराव असलेल्या माणसाला मी आज क्लबच सांगेन.

घेतलंत आणि मग नको झालं, तर तेही एका दिवसात होत नाही. विकण्याचा इरादा जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. घेणाऱ्याकडेही त्याचा परवाना हवाच. माझं पिस्तूल एका तरुण नेमबाजाने घेतलं. मूठ त्याला मोठी होत होती. त्याने तीही घासायला घेतली आहे, पण रेंजवरच बसून, मधल्या वेळात, कारण परवान्याची पुस्तिका सध्या शस्त्राच्या नोंदीसाठी कार्यालयात आहे आणि पिस्तुलाचं लाकूड तेवढं त्याने सुटं करून आणलं आहे.

क्लबमध्ये नाव घालण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर विचारा. टू-टूची किती पिस्तुलं आहेत आणि त्यांवर रविवारी किती सदस्य येतात? आणि शस्त्र देण्या-घेण्याच्या रजिस्टरवर सही करणारा अधिकृत माणूस आठवड्यातले कोणते वार हजर असतो? आमच्याकडे तो बुधवारी संध्याकाळीही असतो, आणि बुधवारी लेनवर मी बहुतेक वेळा एकटाच असतो.