स्टोरीवीव्हर: एका झेरॉक्सवाल्याचा अनुभव

कराडला एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पुस्तकांशी संबंध म्हणाल तर बारावीच्या नोट्स आणि सातबारे. तरी स्टोरीवीव्हर या लहान मुलांच्या गोष्टींच्या साइटबद्दल लिहितोय, कारण गेल्या आठ महिन्यांत तिच्यावरून काढलेल्या चाळीसेक गोष्टी माझ्या कटरखालून गेल्यात.

शोधावं का लागलं ते आधी सांगतो. पोरगी तिसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. मराठीचा धडा घडाघडा वाचायची, आम्ही खूश. पावसाळ्यात तिच्या मैत्रिणीचं पुस्तक भिजलं म्हणून मी दोन धडे झेरॉक्स काढून दिले, एक सेट आमच्याकडे राहिला. पिना मारताना माझ्याकडूनच दोन पानं मागंपुढं झाली. पोरगी तो सेट घेऊन काउंटरवर बसली आणि सुरू झाली. बोट ओळीवरून सरकतंय, आवाज खणखणीत, पण तोंडातून जे येत होतं ते त्या पानावर नव्हतंच. मी तिचं बोट धरून मधल्याच एका शब्दावर ठेवलं, 'सूर्य'. म्हणाली, "पप्पा, असं मधूनच नाही येत. सुरुवातीपासून म्हणू का?"

म्हणू का!

घाबरून मी जे सगळे करतात तेच केलं. एका कंपनीचा माणूस दुकानात आला, टॅब आणि कोर्स गळ्यात मारून गेला. अठरा हजार, हप्त्यानं. बरोबर उत्तराला नाणी, फुगे, टाळ्या. चार पर्यायांवर पटापट बोट मारत गेलं की एक बरोबर लागतंच, हे पोरीनं दोन दिवसांत ओळखलं. नाणी भरपूर जमली. वाचन होतं तिथंच.

शेवटी शाळेतल्या बाईंना गाठलं. त्यांनी 'असर'च्या पद्धतीनं तपासलं. 'प्रथम' संस्थेची माणसं 2005 पासून गावोगाव घरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून वाचून घेतात, तीच ही चाचणी. आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. आमची स्वारी उताऱ्यात अडकली. साधे शब्द यायचे, जोडाक्षर दिसलं की गाडी बंद. बाई म्हणाल्या, "पाठ असलेलं देऊच नका तिला. रोज काहीतरी नवं द्या, पण सोपं." आणि साइटचं नाव लिहून दिलं.

स्टोरीवीव्हर ही प्रथम बुक्सची साइट, 2015 पासून आहे. तीनशेहून जास्त भाषांतल्या गोष्टी, मराठीही भरपूर, आणि पैसे शून्य. माझ्या दृष्टीनं खरी कामाची गोष्ट म्हणजे पातळ्या. पहिल्या पातळीत 250 पर्यंत शब्द, दुसरीत 600 पर्यंत, तिसरीत 1500 पर्यंत, त्यापुढं चौथी. पोरगी तिसरीत म्हणून तिसरी पातळी काढू नका. मी तेच केलं आणि ती रडली. दुसऱ्या दिवशी गुपचूप पहिली काढली, एका पानावर एकदोन वाक्यं आणि मोठं चित्र. आठ मिनिटांत पुस्तक संपलं. आयुष्यात पहिल्यांदा आख्खं पुस्तक संपवलं म्हणून ते आजीला वाचून दाखवलं, मग शेजारच्या काकूंना.

झेरॉक्सवाला म्हणून पहिली शंका कॉपीराइटची. गाईडं काढून द्या म्हणणाऱ्यांना मी रोज नाही म्हणतो. इथं परवाना खुला आहे: छापा, वाटा, भाषांतर करा, फक्त लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव द्या. ही नावं पीडीएफच्या शेवटच्या पानांवर असतात. कागद वाचवायला सुरुवातीला मी नेमकी तीच पानं गाळत होतो. आता छापतो.

छापायची रीत सांगतो, नाहीतर माझ्यासारखा अर्धा रिम फुकट घालवाल. बऱ्याच गोष्टींची पानं आडवी असतात. ए-फोर उभा धरून एका बाजूला वरखाली दोन पानं बसवा, पाठपोट काढा, मधोमध कापा, डावीकडं दोन पिना. पण पानांचा क्रम सरळ देऊ नका. 1, 3, 2, 4, 5, 7, 6, 8 असा टाइप करा, म्हणजे कापल्यावर एकच्या पाठीवर दोन येतं. सोळा पानी गोष्टीला चार कागद लागतात. रंगीत काढलं तर गडद चित्रं शाई पितात, म्हणून मी काळ्यापांढऱ्यात काढतो आणि रंग पोरगी भरते. चार चित्रं रंगवायची म्हणून ती तीच गोष्ट चार वेळा उघडते, हा फायदा मला नंतर कळला.

साइटवर सोडून आपण मोकळे, असं मात्र होत नाही. कुणीतरी शेजारी बसायला लागतं. मी रात्री दुकान बंद केल्यावर पंधरा मिनिटं बसतो. ती अडली की लगेच सांगत नाही, पाचपर्यंत मनात मोजतो. परवा एका ओळीत 'ट्रक' आला. तिनं ट-च्या पोटाखालच्या त्या टोपीकडं बघितलं, गप्प झाली. तीन... चार... मग एकदम, "पप्पा, हे मामाच्या ट्रॅक्टरवर लिहिलेलं असतं तेच!" आणि पुढं गेली. त्या रात्री रफार, 'प्र'मधला र आणि हा टोपीवाला र, तिन्ही तिनं माझ्या बिलबुकात शोधून काढले.

टॅबचे दोन हप्ते अजून बाकी आहेत. टॅबवर सध्या आई भजनं ऐकते.

कागद पलटताना लांब कडेवर पलटा, हे सांगायचं राहिलं. माझी पहिली दोन पुस्तकं आखूड कडेवर निघाली, एक पान सुलटं, एक उलटं. टाकून देत होतो, पोरीनं देऊ दिली नाहीत. दर पानाला पुस्तक गरकन फिरवते आणि वाचते.