डावीकडे नायट्रोजन, उजवीकडे साधी हवा: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात पुण्यात नवे टायर घातले. दुकानदार म्हणाला, "नायट्रोजन मारू ना?" चाकामागे ५० रुपये. म्हटलं, डावीकडच्या दोनच चाकांत मारा. त्याने माझ्याकडे पाहिलं, घरी आल्यावर बायकोनेही तसंच पाहिलं.

आदल्या रात्री फोनवरच्या एआयला विचारलं होतं, "नायट्रोजनचे फायदे काय?" मायलेज वाढतं, टायर थंड राहतो, आयुष्य वाढतं, अशी लांबलचक यादी आली. मग विचारलं, "ही लूटच आहे ना?" लगेच, "तुमची शंका रास्त आहे." लग्नाच्या बोलणीतला मध्यस्थ दोन्हीकडे असाच मान हलवतो. वर माझ्या गाडीला ३६ पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक) भरा म्हणाला. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर ३३ लिहिलंय. तेव्हापासून पाचशेचं डिजिटल गेज डॅशबोर्डच्या खणात असतं.

मोजमाप नेहमी सकाळी, गाडी हलवायच्या आधी. सगळी चाकं ३३ वर सुरू केली. जानेवारीच्या थंडीत डावी साडेतीस, उजवी तीस. पण यातली बरीचशी घट गळतीची नाही, थंडीची. साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय, नायट्रोजन असो वा हवा. पुन्हा ३३ केली, आणि मे महिन्यात काहीही न भरता उजवी ३४, डावी पुढची साडेचौतीस. म्हणजे फरक आहे, पण अर्ध्या पीएसआयचा. अमेरिकेत ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने ३१ प्रकारचे टायर वर्षभर ठेवून पाहिले होते: ३० पीएसआयवरून हवा ३.५ उतरली, नायट्रोजन २.२. माझा अनुभव त्याच वळणाचा. मायलेजमध्ये मला काही दिसलं नाही.

आणि मुळात नायट्रोजन भरला म्हणजे आत फक्त नायट्रोजन, असंही नाही. हवेतच ७८ टक्के तो असतो. चाक पूर्ण सोडलं तरी बाहेरच्या दाबाइतकी हवा आत राहतेच, त्यामुळे ३३ वर गेल्यावरही सहा-साडेसहा टक्के ऑक्सिजन उरतो. हा हिशेब मात्र एआयनेच करून दिला आणि मी कागदावर पडताळला, बरोबर निघाला. आकडेमोडीला ठेवलाय त्याला. मत विचारत नाही.

विमानाच्या चाकांची गोष्ट वेगळी. तिथे ब्रेक प्रचंड तापतात, आगीला ऑक्सिजन मिळू नये आणि वर थंडीत आतल्या ओलाव्याचा बर्फ होऊ नये म्हणून कोरडा नायट्रोजन लागतो. आपण कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये उभे.

'डावी पुढची' का म्हटलं? मार्चमध्ये ताम्हिणी उतरून माणगावला पोचलो तर डाव्या मागच्या चाकात खिळा. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला, पट्टी घातली, कॉम्प्रेसर लावला. नायट्रोजन आहे त्यात, मी म्हटलं. तो व्हॉल्व्हवरच्या हिरव्या टोपीकडे, म्हणजे नायट्रोजनच्या खुणेकडे, बघत म्हणाला, "टोपी बघून खिळा थांबत नाय, साहेब." साधी हवा भरून घरी आलो. प्रयोगाचं एक चाक तिथेच बाद.

त्या चाकाची हिरवी टोपी मी काढली नाही. परवा पंपावर पोराला म्हटलं, चारही चाकांत हवा बघ. उजवीकडची झाली, डावीकडे येऊन थांबला. "काका, या दोन्हीत नायट्रोजन आहे, साधी भरता येत नाही."