सौर पंप: रब्बी, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीनंतर विहिरीवर 5 अश्वशक्तीचा सौर पंप बसवला, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून. शेत परभणी जिल्ह्यात, काळं रान, पिकं हरभरा, गहू आणि थोडा भाजीपाला. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5.

आधी लाईट रात्रीच्या पाळीत आली की बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं. साप-विंचवाची भीती घरच्यांना जास्त. म्हणून डिझेल इंजिन होतं. ते तासाला साधारण लिटरभर पितं, आणि डिझेल नव्वदीच्या पुढे. त्यात परभणीला टँकर पार मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतात, वाहतूक आपल्याच दरात धरलेली. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि कच्चं तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर गेलं. लढाई कुठली आणि भुर्दंड कुणाला!

पंप बसल्यापासून भिजवण दिवसा होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या पंपाला पैकीच्या पैकी गुण देईन.

आता खरं काय ते. थंडीत दहा वाजेपर्यंत धार मनगटाएवढीच असते; ठिबकच्या शेवटच्या नळ्यांना दाब पोहोचत नाही. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून पाणीही जास्त येईल, असं सगळ्यांनाच वाटतं. तसं होत नाही. सौर प्लेटांची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते, त्यापुढे दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. आमच्याकडे 43 अंशांचा पारा असताना काचेला हात लावला तर चटका बसतो. दुपारी एकची धार फेब्रुवारीपेक्षा बारीक दिसते. विहिरीचं पाणी खोल गेल्याने उचल वाढते, तोही भाग त्यात आहे. तुरीच्या मळणीनंतर प्लेटांवर भुशाचा थर बसतो आणि पहाटेच्या दवाने चिकटतो. सकाळी प्लेटा गार असतानाच ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात, दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारू नये.

गहू दाण्यात असताना पंप चालवणारा कंट्रोलर बंद पडला. पाच वर्षांची हमी कागदावर आहे, पण बसवणाऱ्या कंपनीचा माणूस यायला आठवड्याहून जास्त लागला. तोवर शेजाऱ्याच्या मोटारीवरून पाणी घेतलं. गव्हाचा दाणा आठ-दहा दिवस थांबत नाही. तालुक्याला एक तरी दुरुस्तीवाला नेमायलाच हवा.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र विहिरीची वाटते. डिझेल जळत होतं तेव्हा प्रत्येक तासाला खिशाकडे लक्ष जायचं, पिकाची तहान भागली की इंजिन बंद. आता ऊन फुकट, म्हणून दिवसभर पंप चालू ठेवायचा मोह होतो. शिवारात सगळ्यांनी तसंच केलं तर मार्चलाच तळ दिसेल. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच मराठवाड्यात आपण राहतो. पेट्रोलमध्ये उसापासूनही बनणारं इथेनॉल 20 टक्के घालून तेलाची आयात कमी करायची, हे देशासाठी चांगलंच. पण त्यासाठी इथे ऊस वाढवायचा म्हणजे तेलाची तूट पाण्याने भरून काढायची. आपल्याकडे ऊन भरपूर आणि पाणी कमी, तेव्हा या भागाने वीज उन्हातून काढावी आणि उसाचं क्षेत्र आवरावं, असं माझं ठाम मत आहे. ट्रॅक्टर अजून डिझेलवरच आहे, नांगरटीचा दर त्याच हिशेबाने वाढतो. त्यावर सौर पंपाचा इलाज नाही.

अर्ज करणाऱ्यांना एकच सांगणं. योजनेत पंप क्षेत्रावरून मिळतो: अडीच एकरांपर्यंत 3, पाचपर्यंत 5, त्यापुढे 7.5 अश्वशक्ती. पण विहिरीचे झरे सातबारा बघून पाझरत नाहीत. उपसलेली विहीर मे महिन्यात किती तासांत पुन्हा भरते ते आधी बघा, आणि झरे कमी असतील तर हक्काचा मोठा पंप सोडून लहानच मागा. तसा मागता येतो.