चुंबकी कामांचा फळा: चांदण्या सोडून बाकी झकास

थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. दोघांनाही सगळं 'माझं मी' करायचं असतं, पण केर कोणी काढायचा यावरून रोज जुंपते. म्हणून हा फळा मागवला. पांढरा पत्रा, दोघांचे दोन रकाने, वर 'बाकी', खाली 'झालं' आणि कामांच्या चित्रांच्या चुंबकी पट्ट्या.

चित्रं आहेत म्हणूनच याला अर्थ आहे. धाकट्याला अजून वाचता येत नाही, तरी सकाळी उठून तो स्वतःची पट्टी शोधतो आणि बहिणीआधी पळवतो. मोज्यांच्या जोड्या लावणं त्याचं आवडतं काम. जमिनीवर फतकल मारून एकेक मोजा मांडीवर सपाट करणार, टाचेला टाच जुळवणार आणि मदतीला हात पुढे केला की, "बाबा, तू बघू नकोस!" पट्टी 'झालं'वर सरकवायचा मानही त्याचाच, तिथे ताईनेसुद्धा हात लावायचा नाही.

कोऱ्या पट्ट्याही दिल्यात. थोरलीने पहिल्याच पट्टीवर लिहिलं, 'घरी एकटी थांबणे'. ती तूर्त 'बाकी'त आहे आणि वाटाघाटी चालू आहेत.

आता तक्रार. सोबत सोनेरी चांदण्यांचं पाकीट येतं: काम केलं की चांदणी, दहा झाल्या की बक्षीस. आमच्याकडे लगेच "याची किती मिळणार?" सुरू झालं. यात नवल काही नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली 20 महिन्यांच्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. मदत केल्यावर ज्यांना खेळणं मिळालं, ती मुलं पुढे काहीच न मिळालेल्यांपेक्षा कमी मदत करायला लागली. मूल मुळात हौसेने करतं, त्याला आपणच हिशेब शिकवायचा कशाला? पाकीट मी माळ्यावर टाकलं. दोन दिवस कुरकुर झाली, मग विषय संपला.

बाकी किरकोळ. 'इस्त्री करणे' ही पट्टी या वयाच्या संचात कोणी घातली देव जाणे, काढून टाका. चुंबक पट्टीच्या पाठीला सपाट चिकटलेलं आहे, सुटे गोल तुकडे नाहीत, हे चांगलं. एकापेक्षा जास्त चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याच्या पडद्यांतून एकमेकांना ओढतात आणि प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं. घरात रांगतं बाळ असेल तर पट्ट्यांची पाठ अधूनमधून तपासत जा.

भिंतीला लावायची चिकटपट्टी कुचकामी आहे, सरळ स्क्रू मारा. आणि लावताना धाकट्याच्या छातीच्या उंचीवर लावा. मोठ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलात तर प्रत्येक पट्टी तुम्हालाच सरकवावी लागेल.