राजकारणाच्या धास्तीवर लेखन कार्यशाळा : साडेतीन तारे

बातम्या बघून ज्यांची झोप उडते त्यांच्यासाठी म्हणून काढलेली एक ऑनलाइन सर्जनशील लेखनाची कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. सहा सत्रं, प्रत्येकी दीड तासाची, शिवाय दर आठवड्याला गृहपाठ. मी लेखिका वगैरे नाही. प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते आणि दिवसभर असे अहवाल लिहिते, ज्यांत माझ्या मताला जागाच नसते. निवडणूक जवळ आली की मात्र मध्यरात्री उठून जनमत चाचण्यांचे आकडे बघायची खोड लागली होती. तिच्यावर काही उतारा मिळतो का, एवढंच बघायचं होतं.

पहिलं सत्र मला पटलं नाही. हात न थांबवता वीस मिनिटं मनातलं सगळं कागदावर ओतायचं. यामागे म्हणे विज्ञान आहे. आहे खरं! मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मार्गदर्शिकाबाईंनी एवढंच सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्याच विद्यार्थ्यांचं मन जास्त खिन्न झालं होतं आणि रक्तदाबही चढला होता, हे त्यांनी गाळलं. 2006 साली जोआन फ्रात्तारोली यांनी अशा 146 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात लेखनाचा फायदा दिसला, पण सरासरीने बारीकसाच.

माझी शंका वेगळीच आहे. ते विद्यार्थी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल लिहीत होते. राजकारणाची धास्ती ही अजून न घडलेल्या गोष्टींची असते आणि ती रोज सकाळी ताजी होऊन येते. तिच्याबद्दल मोकाट लिहायला बसलं की दिवसभर वाचलेले मथळेच पुन्हा आपल्या अक्षरात उतरतात. माझं तसंच झालं. वीस मिनिटांनी मी होते त्याहून जास्त भडकलेले होते.

तिसऱ्या सत्रापासून मात्र कार्यशाळेने पैसे वसूल करून दिले. अभ्यास असा होता : तुम्हाला ज्याची भीती वाटते ते खरंच घडलंय असं धरा आणि एका सामान्य माणसाचा कामाचा एक दिवस लिहा. नेत्याचं नाव नाही, पक्ष नाही, "देश", "लोकशाही", "सत्ता" हे शब्दही वर्ज्य. वरून प्रश्नांची सरबत्ती. नवा नियम कुठल्या अर्जावर छापलाय? तो तपासतं कोण? त्या माणसाला जेवायची सुट्टी किती वाजता? मी मतपेट्या ठेवलेल्या खोलीबाहेरचा रात्रपाळीचा पहारेकरी घेतला. कोण जिंकतंय हे त्याला कळायला मार्ग नाही आणि त्याचं सगळं लक्ष बदली माणूस वेळेवर येतो की नाही याकडे. त्याच्या हातात मोबाइल द्यायचा की नाही यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी नाही दिला. त्या संध्याकाळी मीही माझा उघडला नाही, हे झोपताना लक्षात आलं.

असं का होतं याचं माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. "सगळं संपणार" या वाक्याला काठच नसतो, त्यामुळे मन त्यात रात्रभर गटांगळ्या खातं. दार, कुलूप, खुर्ची, पाळी बदलायची वेळ, हे ठरवायला लागलं की भीतीला माप मिळतं. ती जात नाही. पण तिच्याशी काहीतरी करता येतं आणि ते केव्हा पुरं झालं हेही कळतं. बातम्यांचं तसं नसतं.

चौथ्या सत्रात आपल्या अगदी उलट मत देणाऱ्या माणसाचं स्वगत लिहायचं होतं. अट एकच : लिहिणाऱ्याला तो आवडत नाही याचा वाचणाऱ्याला वास येता कामा नये. मी माझ्या सख्ख्या भावाला डोळ्यांपुढे ठेवलं. अभ्यास उत्तम, पण वाचनानंतरची चर्चा पार हातातून गेली. दोघांनी पात्रं सोडून थेट एकमेकांचं मतदान काढलं आणि बाईंना आवाज बंद करायचं बटण सापडेपर्यंत बरीच शोभा झाली. पंचवीस जणांच्या वर्गात हे होणारच.

आणखी एक खटकलं. प्रेरणा म्हणून रशियन कवयित्री आन्ना आख्मातोवाचं उदाहरण आलं. 1930 च्या दशकात, स्टालिनच्या दडपशाहीत, लेनिनग्राडमध्ये ती कवितेच्या ओळी कागदावर लिहून मैत्रिणीला दाखवायची, मैत्रिणीने पाठ केल्या की कागद तिथेच जाळायची. गोष्ट खरी आहे, अंगावर काटा आणणारी आहे. पण तिचा मुलगा तुरुंगात होता. निकालाच्या आदल्या रात्री माझी झोप उडते, म्हणून मला त्या रांगेत बसवू नये.

प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे, हा प्रकार निरुपयोगी. त्या दिवशी मोठी बातमी आली असेल तर आकडा बातमीचा असतो, लेखनाचा नव्हे. असा नमुना आमच्याकडे बादच करतात. शेवटचं सत्र लिहिलेलं समाजमाध्यमांवर कसं टाकावं याबद्दल होतं, ते मी अर्ध्यात सोडलं. ज्या पडद्यापासून मान सोडवायला आलो, त्याच्यावरच पुन्हा किती जणांनी बघितलं ते मोजत बसायचं?

वर्गातल्या एका प्रचार कार्यकर्त्याचा आक्षेप मात्र मला अजून पुरता खोडता आलेला नाही. लिहून राग निवतो आणि मला तो राग कामाला लागतो, असं तो म्हणाला आणि दुसऱ्या सत्रानंतर आलाच नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर लिहिण्याने मी मतदान किंवा निवेदनावर सही करणं सोडलेलं नाही, फक्त मध्यरात्रीचे आकडे सोडले. पण माझा राग तसाही कुणाच्या फारसा कामाला येत नव्हता.

बाईंच्या बाजूने एक नोंदवते : आठवडेच्या आठवडे झोप नसेल, घाबरून दम लागत असेल, तर हा वर्ग उपचार नाही, आधी डॉक्टरकडे जा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. नाव घालण्याआधी बॅच किती जणांची आहे ते विचारून घ्या. दहाच्या वर असेल तर पुढच्या बॅचला थांबा, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्राचे अभ्यास सुटे मिळत असतील तर तेवढेच घ्या.