सात बाय चौदाचा मिनी लेथ: दिवाळीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

सात इंच बाय चौदा इंचाचा मिनी लेथ, म्हणजे काम फिरवून कापायचं छोटं मशीन. आधी निकाल सांगून टाकतो. एकट्यानं घेऊ नका. चार-पाच जण मिळून घेत असाल आणि त्यातल्या एकाचा तरी हात कानस आणि डायल गेजवर (बारीक फरक काट्यानं दाखवणारं माप) बसलेला असेल, तर बिनधास्त घ्या. आमच्या क्लबनं दिवाळीत वर्गणी काढून घेतला, आता पोळा आला. तेवढ्या वापरावर हे लिहितोय.

क्लब म्हणजे दारव्ह्याजवळच्या एका गावात, आयटीआयमधून निवृत्त झालेल्या सरांच्या घरामागची टिनाची शेड. सर, जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात) उभा जन्म गेलेले फिटर काका, दोन शेतकरी, एक पंक्चरवाला आणि मी शाळामास्तर. छोटी चालती इंजिनं, छोट्या मशिनी बनवायच्या, एवढाच उद्योग. पंक्चरवाल्याला घेण्यात स्वार्थ आहे, त्याच्याकडे कंप्रेसर आहे आणि वाफेचं इंजिन आधी हवेवरच फिरवून बघावं लागतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच अंगाचा चिनी लेथ वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या पाट्या लावून विकला जातो. आतलं हाड तेच. बेडवर, म्हणजे लांब पायावर, १८० मिलिमीटरचं काम फिरतं, स्पिंडलमधून (फिरणाऱ्या मुख्य दांड्यातून) २० मिलिमीटरचा बार आरपार जातो, स्पिंडलचा टेपर, म्हणजे निमुळत्या भोकाचं माप, एमटी-३, टेलस्टॉकचा (कामाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाचा) एमटी-२. लांबीचा जो ३५० चा आकडा छापलेला असतो, तो दोन सेंटरमधला, म्हणजे दोन टोकांच्या अणींमधला. चक (काम पकडणारा जबडा) लावला की त्यातले सत्तर-ऐंशी गेलेच म्हणून समजा. क्रॉस स्लाईडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) वर १८० चं काम जात नाही, तिथं शंभर-एकशेदहाच्या आत राहावं लागतं. जाहिरातीत हे ठळक कुणी लिहीत नाही.

खोका उघडला तेव्हा सगळं अंग लाल ग्रीसनं माखलेलं. ते डिझेलनं धुतलं आणि मग खरं मशीन दिसलं. गिबच्या पट्ट्यांना (स्लाईडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्यांना) कडेनं बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, तसाच, एका स्लाईडखाली ओतकामाची वाळू, कंपाउंडचा (टूलच्या वरच्या छोट्या स्लाईडचा) स्क्रू अर्धा फेरा रिकामा फिरतोय. काका बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे मशीन नाही आलं, मशीनचं सामान आलं." खरंच होतं ते. सगळं खोललं, पट्ट्या काचेवर पॉलिश पेपर लावून घासल्या, गिब पुन्हा बसवले. पण ते झाल्यावर स्पिंडलला डायल गेज लावला तर काटा जेमतेम हलला. म्हणजे पैसे स्पिंडलमध्ये गेलेत, बाकीची मजुरी आपल्या अंगावर टाकली आहे. मला हा सौदा पटला. सरांना अजून पटलेला नाही.

खरी परीक्षा डबल रोलर जिनच्या मॉडेलनं घेतली. गावोगावच्या जिनिंगमध्ये जी जिन असते तिचा रोलर साधारण १८० मिलिमीटर जाडीचा. आम्ही चौथ्या हिश्शानं घेतला, म्हणजे ४५. लांबी लेथमध्ये मावेल एवढीच ठेवली. जुन्या रोलरवर क्रोम चामड्याच्या वॉशर असतात. त्यांच्या धुळीत क्रोमियम येतं, म्हणूनच सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेनं रबर आणि सुती कापडाचे बिनक्रोमचे रोलर काढले. शेडमध्ये ती धूळ कुणालाच नको होती, म्हणून आम्हीही रबर-कापडाचाच माल घेतला. चकत्या शाफ्टवर ओवल्या, दोन्ही टोकांना नट कसले आणि अख्खी थप्पी लेथवर चढवली.

रबर कापताना टूल वस्तऱ्यासारखं लागतं. कार्बाइडची टीप नुसती घासते, म्हणून एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) तुकडा ग्राइंडरवर धार काढून ऑइलस्टोनवर फिरवला. रोलर उतरल्यावर मोजला तर चककडे ४५.१२ आणि टेलस्टॉककडे ४५.००. टेलस्टॉक आपल्याकडे सरकलेला आहे हे उघड होतं, तो निम्म्यानं, म्हणजे ०.०६ मागं न्यायचा. आता गंमत बघा: तो सरकवायचा स्क्रू टेलस्टॉकच्या पोटाखाली आहे. म्हणजे टेलस्टॉक काढा, स्क्रू ढिला करा, परत बसवा, मोजा, पुन्हा काढा. एका रविवारची सकाळ त्यातच गेली. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला आमच्या शेडमध्ये आणून बसवावं असं सगळ्यांना वाटलं.

मॉडेल फिरलं आणि लेथशी संबंध नसलेली अडचण आली. मशीन चौथ्या हिश्शाची केली तरी सरकी लहान होत नाही! जाळीची भोकं हिशोबानं केली तर सरकी खाली पडेना. शेवटी जाळी आणि सुरीची फट खऱ्या मापाची ठेवली, बाकी सगळं चौथाई. आता घरच्या कापसाचा बोंड टाकला की रुई इकडे, सरकी तिकडे. काकांनी आपल्या मालकाला बोलावून दाखवलं.

वीज. या मशीनचा सगळ्यात हळवा भाग मोटर नाही, तिचा कंट्रोलर आहे. शेतीच्या फीडरवर पंप सुरू झाले की संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, आणि ते पडलं की कट मारता मारता लेथ गप्प. टूल कामात रुतलेलं, आपण हँडल धरून उभे. स्टॅबिलायझर लेथच्या किमतीतच धरा. स्पीड अगदी कमी केला तर ताकदही कमी होते, त्यामुळे पार्टिंग, म्हणजे काम कापून वेगळं करताना मशीन थरथरतं. त्यावर उपाय म्हणजे टूल शक्य तितकं आत, कॅरेज (टूल वाहणारा भाग) लॉक, आणि हात न थांबवता फीड.

गिअर प्लास्टिकचे आहेत. आटे पाडताना चिप (धातूचा कापलेला तुकडा) अडकली आणि एका गिअरचे दोन दात गेले. दुकानदारानं वॉरंटीचं नाव काढताच फोन उचलणं बंद केलं. सर मात्र म्हणतात प्लास्टिकचाच बरा, तो तुटला म्हणून बाकीचं वाचलं. लीडस्क्रू, म्हणजे कॅरेजला ओढणारा लांब स्क्रू, दीड मिलिमीटर पिचचा आहे, त्यामुळे पाऊण किंवा अर्ध्या मिलिमीटरचे आटे पाडताना हाफ नट (कॅरेजला त्या स्क्रूशी जोडणारा नट) उघडला तरी चालतो. एक मिलिमीटरच्या आट्याला तो बंदच ठेवायचा आणि मोटर उलटी फिरवून मागं यायचं.

मे महिन्यात टिनाखाली काम करणाऱ्यांसाठी: पितळेचा ५० मिलिमीटरचा तुकडा वीस अंशांनी तापला की जवळपास ०.०२ नं वाढतो. दुपारी बसवलेला पिस्टन सकाळी ढिला वाटायला तेवढं पुरतं. आम्ही शेवटची मापं सकाळीच घेतो. पावसाळ्यात बेडवर तेल हवंच, आणि त्यावर कॉटन वेस्ट टाकून ठेवू नका, ते ओल धरतं आणि खाली गंज चढतो.

याच पैशात, म्हणजे लाखाच्या आसपास, राजकोट बनावटीचा जुना साडेचार फुटी लेथ मिळतो. दणकट असतो, वादच नाही. पण त्याला थ्री फेज आणि सिमेंटचा पाया लागतो, आणि खूप वापरलेल्याचा बेड चकाजवळ झिजलेला निघतो. गावच्या शेडमध्ये थ्री फेज घ्यायची सोय असेल तर तोच घ्या.

आता पोरांनी शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रुळाच्या रेल्वेच्या, इंजिनाचा हट्ट धरलाय. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर धावलेलं आणि १५ एप्रिल १९९४ ला उतरवलेलं. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे बाराव्या हिश्शानं बरोबर ६३.५, सहाव्यानं १२७. पंक्चरवाल्याला सहावा हिस्सा पाहिजे, म्हणजे वर बसून जाता येईल. लेथ बाराव्याला होकार देतोय. सहाव्याचं इंजिन करायचं तर चाकं दारव्ह्याच्या लेथवाल्याकडून करून आणावी लागतील, आणि त्याला वर्गणी कोण देणार यावर गाडी अडली आहे.